इन्फ्रारेड फोटो काढायला सुरुवात करायची आहे, बजेट ८०००, सल्ला हवा

वडाचीपारंबी
नमस्कार मंडळी. माझ्याकडे कॅनन १२००डी आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. आमच्या गावाकडे, सातारा जिल्ह्यात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुने वड आहेत. पानं पांढरीशुभ्र आणि आभाळ काळंभोर येतं तसे त्यांचे इन्फ्रारेड फोटो काढायचेत. दिवाळीत गावी जाणार आहे, तेव्हा पावसानंतरची पानं ताजी असतात. फिल्टर घेऊ की कॅमेऱ्यातच बदल करून घेऊ? ट्रायपॉड आहे. आठ हजारांच्या वर खरंच जमणार नाही.

कातळकडा
फिल्टर घ्या, ७२० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला दिसणारा प्रकाश अडवून त्यापुढचा इन्फ्रारेड आत सोडणारा. मी नऊ वर्षं होया कंपनीचा आर७२ वापरतोय, एकदाही पस्तावलो नाही. तुमच्या लेन्सला बहुतेक ५८ मिमीचा लागेल, पुढच्या कडेवर आकडा छापलेला असतो तो बघून घ्या.
पैसे घालण्याआधी एक करा. खोलीत अंधार करून टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्याकडे धरा, बटण दाबा आणि लाईव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, बघा. रिमोटचा दिवा जांभळट-पांढरा झगझगीत दिसला तर तुमचं नशीब चांगलं. सेन्सरला (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपला) स्वतःला १००० नॅनोमीटरपर्यंतचं दिसतं, पण सेन्सरच्या समोर कंपनी इन्फ्रारेड अडवणारी काच बसवते. ती काच किती कडक आहे यावर सगळा खेळ आहे. माझ्याकडे भर उन्हात एफ८ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान), आयएसओ २०० (सेन्सरची संवेदनशीलता) ला २० सेकंद लागतात.

पिक्सेलपाटील
फिल्टरच्या फंदात पडू नका. सेकंडहँड मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घ्या आणि त्यातली ती काच काढून ७२० ची बसवून घ्या. मला बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि बदल मिळून ३८ हजार पडले, पण हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकाला उभं राहून हातात धरून १/२५० सेकंदाला फोटो काढलेत. ट्रायपॉडवाले मागे पाय पसरून बसले होते, तोवर माझे चाळीस फोटो झाले.

कातळकडा
पाटील, बजेट ८ आहे, ३८ नाही.

पिक्सेलपाटील
थांबून पैसे साठवावेत. आठ हजार घालून मन भरत नाही आणि वर्षाने पुन्हा खर्च होतोच, हे मी अनुभवाने सांगतोय.

जुनारोलवाला
आम्ही कोडॅकच्या एचआयई फिल्मवर हे सगळं केलंय. २००७ मध्ये ती बंद झाली तेव्हा मला घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं. ती पूर्ण अंधारातच भरावी लागे. प्रवासात मी लॉजच्या खोलीत दिवे घालवून, दोन गोधड्यांखाली हात घालून रोल भरायचो. पानांभोवती जी झळाळी यायची ती डिजिटलमध्ये नाही.
कामाचं म्हणजे, इन्फ्रारेडचा फोकस साध्या प्रकाशाच्या फोकसपेक्षा वेगळ्या जागी पडतो. जुन्या लेन्सवर त्यासाठी लाल ठिपका किंवा आर अक्षर असायचं. आधी नेहमीसारखा फोकस करायचा, मग ते अंतर त्या खुणेवर आणायचं. आजच्या किट लेन्सवर अंतराचे आकडेच नाहीत. म्हणून एफ८ किंवा एफ११ ठेवा, छिद्र लहान असलं की फोकसची थोडी चूक खपते.

शिवारफेरी
इन्फ्रारेड म्हणजे उष्णताच ना? मग यात रात्री रानडुकरं दिसतील का? आमच्या उसात फार त्रास आहे, मीही घेईन म्हणतो.

जुनारोलवाला
नाही दिसणार. उष्णता दाखवणारे कॅमेरे ८ ते १४ मायक्रॉनच्या (१ मायक्रॉन म्हणजे १००० नॅनोमीटर) लहरी पकडतात. आपण बोलतोय ते ०.७ ते १ मायक्रॉनबद्दल, आणि तो सूर्याचाच प्रकाश आहे. पानातलं हरितद्रव्य लाल-निळा प्रकाश खातं, पण हा प्रकाश खात नाही. पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या तो उधळून परत पाठवतात, म्हणून पान पांढरं येतं. याला वुड इफेक्ट म्हणतात. त्याचा लाकडाशी संबंध नाही. रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले होते.

शिवारफेरी
धन्यवाद काका. मग डुकरांसाठी वेगळा धागा काढतो.

भरतीओहोटी
कुणी काहीही सांगो, कॅमेरा घरी उघडू नका. मी यूट्यूब बघून जुना छोटा कॅमेरा खोलला होता. बॅटरी दोन दिवस आधीच काढून ठेवली होती, तरी फ्लॅशच्या कपॅसिटरला स्क्रूड्रायव्हर लागला आणि उजवा हात कोपरापर्यंत झिणझिणला. त्यात ३०० व्होल्टच्या आसपास असतात. कॅमेरा तर गेलाच.
अवांतर: कोकणात राहणाऱ्यांनी फिल्टरसुद्धा सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. माझ्या एका फिल्टरवर एका पावसाळ्यात बुरशीची जाळी धरली.

पिक्सेलपाटील
बुरशीसाठी मी डब्यात साधा बल्ब लावून ठेवतो, सिलिकापेक्षा बरा.

भरतीओहोटी
आमच्याकडे वीज दिवसातून चार वेळा जाते, बल्ब काय करणार?

कातळकडा
बुरशी राहू द्या, ताईंना एक महत्त्वाचं सांगायचं राहिलं. तुमची १८-५५ एसटीएम प्रकारची (लेन्सवर तसं लिहिलेलं असतं) नसेल तर फोकस करताना तिचा पुढचा भाग फिरतो. फिल्टर इतका गडद की लावल्यावर व्ह्यूफाइंडरमधून काहीच दिसत नाही, म्हणून आधी चौकट आणि फोकस ठरवून मग फिल्टर चढवावा लागतो. आणि चढवताना फोकसची रिंगही सोबत फिरते! माझे पहिले दोन महिने यातच गेले. मॅन्युअलवर टाका, रिंगवर चिकटपट्टी लावा, एका हाताने ती धरून दुसऱ्या हाताने फिल्टर हलका फिरवा, आवळू नका. व्ह्यूफाइंडरवरही काळी पट्टी लावा, नाहीतर एवढ्या वेळात मागून प्रकाश शिरतो.
आणि फिल्टर डोळ्याला लावून सूर्याकडे कधीही बघू नका. काच काळी वाटते, पण इन्फ्रारेड सगळा आत येतो आणि अंधार समजून बाहुली उघडीच राहते.

चिंचपाणी
+१ फिल्टर. सातशे-आठशेचा बिनब्रँडचाही चालतो, माझा चालतोय.

जुनारोलवाला
बिनब्रँडच्या फिल्टरवर ७२० लिहिलेलं असतं म्हणजे तो ७२० असतोच असं नाही.

वडाचीपारंबी
सगळ्यांचे मनापासून आभार. रिमोटचा दिवा अगदी मिणमिणता दिसला. ओळखीच्या एकांचा आर७२ आणून गच्चीवर तुळशीवर प्रयोग केला. आयएसओ ८०० ला ३० सेकंद लागले. वृंदावन स्वच्छ आलं, तुळस मात्र वाऱ्याने दुधाचा ओघळ झाली. वडाचं पान तर सतत हलतं, आणि आमच्या त्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर आणि एसटी जात असतात. तिथे ट्रायपॉड मांडून अर्धा मिनिट थांबताच येणार नाही.
म्हणून ठरवलंय की याच १२००डी मध्ये कायमची ७२० ची काच बसवून घ्यायची. पुण्यात एका दुरुस्तीवाल्यांनी साडेसहा हजार सांगितलेत.

पिक्सेलपाटील
एकुलता एक कॅमेरा? मग घरच्या कार्यक्रमांचे रंगीत फोटो कशावर काढणार? दुसरी बॉडी घ्या, पुन्हा सांगतो.

कातळकडा
या वेळी पाटलांशी सहमत. बसवलेली काच पुन्हा बदलायची म्हणजे पुन्हा तेवढाच खर्च.

भरतीओहोटी
नका करू. मी हात भाजून घेतलाय.

वडाचीपारंबी
रंगीत फोटोंना मोबाईल आहे. तीन वर्षांत या कॅमेऱ्यावर मी वाढदिवसाचे फोटो सोडून काही काढलेलं नाही. मला वडच काढायचेत. शनिवारी देऊन येते.

जुनारोलवाला
मग नीट करून घ्या. दुकानात तुमची लेन्सही द्या आणि तिच्यावर फोकस तपासून मागा. तरीही व्ह्यूफाइंडरऐवजी लाईव्ह व्ह्यूमध्येच फोकस करा, तिथे सेन्सरला जे दिसतं त्यावरच फोकस होतो. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. उन्हातल्या हिरव्या गवताचा चौकटभर फोटो घेऊन त्यावर कस्टम व्हाइट बॅलन्स (पांढरं कशाला मानायचं ते कॅमेऱ्याला सांगणारी सेटिंग) लावा, नाहीतर सगळं लालभडक दिसेल. लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरचा व्हाइट बॅलन्स २००० केल्व्हिनच्या खाली जात नाही, त्यामुळे तिथे लाली पुन्हा येईल. कॅननचं स्वतःचं सॉफ्टवेअर कॅमेऱ्यात लावलेला बॅलन्स जसाच्या तसा घेतं, सुरुवात त्यातच करा. नंतर निळं आभाळ हवं असेल तर चॅनेल मिक्सरमध्ये (सॉफ्टवेअरमधली रंगांचं प्रमाण बदलायची सोय) लाल आणि निळा यांची अदलाबदल.

वडाचीपारंबी
काल गावाहून आले. हातात धरून १/२०० ला फोटो निघाले आणि पान न् पान वेगळं दिसतंय! पारंब्या राखाडी, डांबरी रस्ता काळा, वरचा सगळा पर्णसंभार पांढरा. मामांचा काळा टेरिकॉटचा कोट फिकट पिठासारखा आलाय, मामींना तो फोटो खराच वाटेना. पण दोन अडचणी आहेत. एफ१६ च्या फोटोंत मधोमध उजळ गोल डाग आहे, आणि काही फोटोंत आभाळ काळं न येता पांढुरकं आलंय.

जुनारोलवाला
डाग लेन्सच्या आतल्या परावर्तनाचा आहे. एफ८ वर या, बहुतेक जाईल. पांढुरके फोटो सूर्याच्या दिशेने काढलेत का?

वडाचीपारंबी
हो, सकाळचे, पूर्वेकडे तोंड करून.

जुनारोलवाला
मग संध्याकाळी चारला त्याच जागी उभ्या राहा, सूर्य पाठीशी.