जुन्या टाटा ४०७ टेम्पोचं ब्रेक पेडल खालीच जातंय, हवा काढून काढून कंटाळलो

ओतूरचा_टेम्पो
नमस्कार मंडळी. जुनी ४०७ आहे आमची, चारही चाकांना ड्रम ब्रेक, व्हॅक्युम बूस्टरवाली (पायाचा जोर वाढवणारा). मागच्या डाव्या चाकाचा व्हील सिलेंडर (ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा) गळत होता, लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा थर, पार ब्रेक ऑइलने भिजलेलं, म्हणून मागचे दोन्ही सिलेंडर आणि चारही चाकांची लायनर नवीन टाकली, हात लागलाच आहे तर पुढच्या सिलेंडरांना रबर किटपण टाकून घेतलं. तेव्हापासून नुसती हवा काढतोय. भाचा वर पेडल मारतो, मी खाली चाकाजवळच्या हवा काढायच्या निप्पलला नळी लावून बाटली धरतो, बुडबुडे बंद झालेत, स्वच्छ ऑइल येतंय, तरी पहिल्या दाबाला पेडल पार खाली जातं आणि दोन-तीनदा पंप केलं की वर येतं. गॅरेजवाला म्हणतो मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की चारही चाकांकडे ऑइल ढकलणारा) गेला, बदलून टाका. टोमॅटोचा सीझन तोंडावर आलाय, माल भरून माळशेज उतरायचाय कल्याणला, असल्या ब्रेकवर मन धजत नाही. नेमकं चुकतंय कुठे?

घाटमाथ्यावरचा
गाडी आधी उभी करा, मग बाकीचं. आणि मास्टरला पैसे घालायची घाई नको. पंप केल्यावर पेडल वर येतं म्हणता, पण वर आल्यावर ते दगडासारखं कडक लागतं की स्पंजसारखं दबतं? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दबत असेल तर हवा. कडक लागत असेल तर बहुतेक हवा नाहीच, शू, म्हणजे लायनर लावलेल्या पट्ट्या, ड्रमपासून लांब राहिलेत, पहिल्या दाबाचं सगळं ऑइल ती फट भरण्यातच जातं. नवीन लायनर टाकलंय म्हणजे ॲडजस्टमेंट केली का नीट? लोक लायनर टाकतात, ड्रम चढवतात आणि डायरेक्ट निप्पलला पाना लावतात.
खात्री करायची तर एकेक चाक जॅकवर घेऊन ॲडजस्टर, म्हणजे शू ड्रमच्या जवळ-लांब करणारा स्क्रू, इतका टाइट करा की चाक हाताने फिरणारच नाही. चारही चाकं अशी जाम केली की पेडल दाबून बघा. वरच्या वर कडक लागलं तर लाइनमध्ये हवा नाही, दोष फटीचा होता. मग प्रत्येक चाक मोकळं फिरेल, जेमतेम घासल्याचा आवाज येईल इतपत ढिलं करायचं. तसंच जाम ठेवून गाडी हलवू नका म्हणजे झालं.

पाना_नंबर_दहा
वरचं बरोबर आहे, पण हवा काढायची पद्धतपण तपासा कारण निम्मे लोक तिथेच गंडतात. इंजिन बंद, पेडल चार-पाच वेळा मारून बूस्टरमधला व्हॅक्युम संपवायचा. मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं, मग जवळ जवळ येत पुढचं. वरचा माणूस पेडल दाबून धरून ठेवणार, खालचा निप्पल उघडणार, ऑइल आलं की निप्पल बंद आणि मगच "सोड" म्हणायचं. निप्पल उघडा असताना पेडल सोडलं की आत्ता काढलेली हवा परत आत. भाच्याला घाई असेल तर हे हमखास होतं 😄 आणि मास्टरवरच्या टाकीतलं ब्रेक ऑइल अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही, एकदा का मास्टरने हवा ओढली की पहिल्यापासून सुरू.
अजून एक, जुन्या मास्टरचं पेडल तळापर्यंत मारू नका. रोज जिथवर पिस्टन जातो त्याच्या पुढे आत गंज-कचरा साठलेला असतो, रबर तिथे घासलं की फाटतं आणि मग चांगला मास्टरसुद्धा खरंच जातो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.
मागे एलएसपीव्ही, म्हणजे लोड बघून मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व, असेल तर मागचा ॲक्सल लटकता ठेवून हवा काढू नका, व्हॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे, मागे ऑइल नीट जातच नाही. चाकं जमिनीवर ठेवा.

रबरकिट
निप्पल वरच्या बाजूला आलाय ना ते बघितलं का? डावा-उजवा सिलेंडर उलटसुलट बसला की निप्पल खाली जातो, हवा वर अडकते आणि तुम्ही दिवसभर स्वच्छ ऑइल काढत बसता.
नाहीतर चाकाकडे जाणारा ब्रेकचा रबरी होज (नळी) एकेक क्लॅम्पने दाबून बघायचा, ज्याला दाबल्यावर पेडल कडक झालं त्याच्या पुढे दोष.

घाटमाथ्यावरचा
नव्या होजला ठीक आहे. जुन्या होजला क्लॅम्प लावू नका, आतून फाटतो, बाहेरून काही दिसत नाही आणि चाक जाम धरायला लागतं. इतका जुना असेल तर होजच बदला की, दाबाला फुगणारा होजपण पेडल मऊ करतो.

ओतूरचा_टेम्पो
आज चारही चाकं जाम करून बघितली, पेडल एकदम वर, कडक. म्हणजे फटच होती, मागचे शू बरेच लांब होते. ॲडजस्ट केल्यावर पेडल चांगलं आलंय, अगदी थोडं दबतं. निप्पल वरच आहेत. मास्टरचं काय करू? आणि ब्रेक ऑइल कुठल्या ग्रेडचं, डॉट ३ टाकू का ४?

पाना_नंबर_दहा
इंजिन बंद ठेवून पेडल एकसारखं दाबून धरा. हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठे गळती नसेल तर मास्टर आतून पास होतोय, म्हणजे आतल्या रबरावरून ऑइल निसटतंय, बदला. जागेवर राहिलं तर हात लावू नका. थोडं दबतंय त्यासाठी ठोकळा ठेवून पुन्हा एकदा चारही चाकांची हवा काढा.
ऑइल मास्टरच्या झाकणावर लिहिलंय तेच. डॉट ३ आणि ४ एकमेकांत चालतात, डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. इंजिन ऑइल किंवा डिझेलचा हातसुद्धा लागू देऊ नका, रबर फुगतं. बाटलीत काढलेलं परत ओतू नका, सील फोडून ठेवलेला जुना डबापण नको. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. कोरं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा भरलेल्याची हमी १४० चीच. लांब उतारावर ड्रम तापले की तेच उकळतं, वाफ होते आणि पेडल तळाला जातं. पेडल कडक पण गाडी थांबत नाही, तर तापलेलं लायनर. दोन्हीला उपाय एकच, ज्या गियरमध्ये घाट चढलात त्यातच उतरा.

घाटमाथ्यावरचा
आणि पहिली फेरी रिकामी मारा, गावातल्या सपाट रस्त्यावर. आल्यावर चारही ड्रमजवळ हात नेऊन बघा, एखादं जास्त तापलं असेल तर तिथला शू टाइट राहिलाय. मग परत एकदा ॲडजस्ट करून माल भरा.