अनुभव सांगा: आतून पोखरलेला डोंगर, लागाझुओई

कडेकपारी : इटलीत कोर्तिनाजवळ डोलोमाइट्स पर्वतरांगेत लागाझुओई हे २७७८ मीटरचं शिखर आहे. पहिल्या महायुद्धात माथ्यावर ऑस्ट्रियन आणि कड्याच्या मधल्या अरुंद पट्टीवर इटालियन सैन्य होतं. १९१७ पर्यंत दोघांनीही डोंगर आतून पोखरला. आता तिथे खुलं संग्रहालय आहे. जाऊन आलेल्यांनी लिहा. नुसतं 'अप्रतिम' नको, काय पाहिलंत ते सांगा.

म्युनिकची सून : सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो. फाल्झारेगो खिंडीतून रोपवे काही मिनिटांत वर नेतो. सासरे पायदळातून निवृत्त झालेले, एरवी गाइडलाच माहिती देणारे. खंदकात उभं राहून एवढंच म्हणाले, "रेशन वर कसं आणत असतील?" सासूबाईंचं वेगळंच. जुलैत शाल सुटत नव्हती, त्यामुळे जानेवारीत त्या पोरांचे काय हाल झाले असतील हे त्या रात्री जेवतानाही बोलत होत्या. या आघाडीवर हिमस्खलनांत हजारो जवान गेले, हे मी त्यांना सांगितलंच नाही.

सातारकर : इटालियन बोगद्यातून खाली उतरलो. किलोमीटरभर लांब, पायऱ्या ओल्या. हेल्मेट आणि टॉर्च भाड्याने मिळतात, घ्याच. २० जून १९१७ ला इटालियनांनी इथे सुमारे ३३ टन स्फोटकं उडवली. १७०० साली औरंगजेबाने अजिंक्यताऱ्याला सुरुंग लावला आणि तट त्याच्याच सैन्यावर कोसळला, ही गोष्ट आम्ही शाळेपासून ऐकतो. पण सुरुंग खणणं म्हणजे काय, हे त्या अंधारात टॉर्च बंद केल्यावर कळलं. वरचे खालच्यांचं खोदकाम कान लावून ऐकत. आवाज थांबला की जास्त भीती, कारण मग दारू भरणं चालू असायचं.

गुडघेदुखी : सातारकरांचं ऐकून आईबाबांना बोगद्यात नेऊ नका. रोपवेने जा, रोपवेनेच या.

भांडीकुंडी : वालपारोला खिंडीजवळचा त्रे सासी किल्ला कुणीच लिहिला नाही? आत बूट, डबे, काटेरी तारा असं डोंगरात सापडलेलं सामान मांडलंय. मला ते सुरुंगापेक्षा जास्त भिडलं. १८९७ चा हा ऑस्ट्रियन किल्ला १९१५ च्या जुलैत तोफांनी फोडला. सैन्य निघून गेल्यावरही ऑस्ट्रियन तिथे रात्री दिवे लावून ठेवत आणि इटालियन रिकाम्या किल्ल्यावर गोळे वाया घालवत, असं सांगतात. गनिमी कावा म्हणजे आपलीच मक्तेदारी नाही!