वाक्य कोणाचं, याने फरक पडत नाही?

खवचट_काका: परवा इथे कोणीतरी लिहिलं, 'सुविचार आवडला की घ्यावा, कोणी म्हटलाय हे उकरत बसू नये.' खाली 'अगदी मनातलं'ची रांग. अहो, नावाला किंमत नाही, तर नाव चिकटवता कशाला? 'तुमचं मत मला पटत नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी प्राण पणाला लावीन' हे फ्रेंच लेखक व्होल्टेअरच्या नावावर खपतं. तो 1778 साली वारला. वाक्य एव्हलिन बीट्रिस हॉल या लेखिकेचं, 1906 सालचं. त्याची वृत्ती सांगताना तिने स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं. लिहिलं बाईंनी, मिरवतात बुवा.

मधुरा_वाचते: वडील गेले तेव्हा कितीतरी महिने मी एका ओळीवर तग धरला. फ्रिजवर चिकटवली होती. चिकटपट्टीचे कोपरे काळे पडले तरी काढवेना. खाली नाव कोणाचं होतं, देव जाणे. तेव्हा सनावळ्या तपासायला हव्या होत्या का?

खवचट_काका: तुमच्या दुःखावर मी काय बोलणार? पण त्या ओळीने तुम्हाला आधार दिला. पुढाऱ्यांच्या तोंडची वाक्यं मतं मागतात.

अर्धवटराव: खोटं नाव परवडलं, अर्धं वाक्य नको. 'धर्म ही अफूची गोळी' सगळ्यांना पाठ. 1844 साली मार्क्सने त्याच्या अगदी आधी धर्माला पिचलेल्या जीवाचा उसासा म्हटलंय, ते कोण सांगतं? आमच्या शाळेच्या जिन्यात फुल्यांचं 'विद्येविना मती गेली' रंगवलं होतं. 'गतीविना वित्त गेले'पर्यंत ठीक, पुढे थेट 'इतके अनर्थ'. मधलं 'वित्ताविना शूद्र खचले' गायब! जागा भरपूर होती बरं का.

टाळ्यांचा_कंटाळा: या सगळ्याला सूत्रसंचालक जबाबदार आहेत. माझ्या निरोप समारंभात सूत्रसंचालकाने थोर विचारवंतांचे कागदच्या कागद वाचले आणि शेवटी माझं आडनाव चुकवलं.

माइकवाली: मी सूत्रसंचालन करते. पाहुणे अडकलेत, माइक खरखरतोय, अध्यक्ष घड्याळ बघतायत, तेव्हा किल्ला कोण लढवतं? या एकदा आणि उभे राहा.

टाळ्यांचा_कंटाळा: दोन मिनिटं गप्प बसा की. शांततेने कोणी मरत नाही.

माइकवाली: शांतता? तुमच्यासारखेच पहिल्या रांगेत फोनवर मोठ्याने बोलत असतात!

टाळ्यांचा_कंटाळा: वैयक्तिक होऊ नका.

माइकवाली: सुरुवात कोणी केली?

खवचट_काका: विषयावर या हो. 'लोकशाही ही सर्वांत वाईट राज्यपद्धती, बाकीच्या सगळ्या सोडून' हे चर्चिल नोव्हेंबर 1947 मध्ये ब्रिटनच्या संसदेत बोलला. तेही 'असं म्हटलं गेलंय' अशी कबुली देऊन. त्याला जमलं ते आपल्याला का जमू नये?

मधुरा_वाचते: घ्या! मूळ कोणाचं हे त्यानेही सांगितलं नाही, तरी वाक्य टिकलंच. माझी वकिली फुकटात केल्याबद्दल आभारी आहे.

खवचट_काका: निदान स्वतःचं म्हणून तरी खपवलं नाही. बरं, फ्रिजपुरती सूट दिली. भाषणात आणि पाठ्यपुस्तकात मात्र मूळ दाखवायचं.

माइकवाली: आणि मंचावर?

खवचट_काका: 'कोणीतरी म्हटलंय' म्हणा. 'थोर विचारवंत' लावू नका.

टाळ्यांचा_कंटाळा: किंवा काहीच म्हणू नका.

माइकवाली: तुमच्या पुढच्या सत्काराला मलाच बोलवा. आडनाव आधी लिहून द्या.