माळवदाचं (मातीच्या सपाट छपराचं) घर भूकंपात टिकेल का?

प्रश्न: सोलापूरजवळ गावी दगडमातीचं घर आहे, भिंत अडीच फुटी. मध्यम भूकंप झेपेल?

उत्तर: जाडीवर जाऊ नका. आतला-बाहेरचा थर वेगळा, मधे नुसत्या चिपा आणि माती. हादऱ्याने थर सुटतात, भिंत फुगून ढासळते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत हेच झालं. भूकंप उथळ, त्यात डोक्यावर मातीचं ओझं.

उत्तर: दोन्ही थर बांधून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे दगड नसतील तर पहारीने हळूहळू ७५ मिमीचं भोक पाडा. घण अजिबात नको, मधली माती सुटते. आत दोन्ही टोकांना आकडा वळवलेली ८ मिमी सळई, १:२:४ (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीट. दहा दिवस पाणी मारा.

उत्तर: त्याआधी माळवदावरची माती उतरवा. गळतीसाठी नवा थर चढतच जातो, जुना कुणी काढत नाही!