मूत्राशयात बीसीजी: क्षयाची लस कर्करोगावर कशी?

आपल्या वडिलांची मूत्राशयातील कर्करोगाची गाठ दुर्बिणीतून काढल्यावर डॉक्टरांनी मूत्राशयात बीसीजी सोडण्याचा सल्ला दिला आहे, पण क्षयाची लस कर्करोगावर कशी चालेल, ही आपली शंका अगदी रास्त आहे. या लशीतील जिवंत पण दुबळे केलेले जंतू मूत्राशयाच्या अस्तरात शरीराची प्रतिकारशक्ती चेतवतात आणि चेतलेल्या त्या पेशी उरल्यासुरल्या कर्कपेशींवर तुटून पडतात. स्नायूपर्यंत न पोहोचलेल्या, पण उलटण्याचा धोका जास्त असलेल्या गाठींसाठीच हा उपचार असतो.

कॅनडातील डॉ. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये नऊ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हापासूनच आठवड्याला एक याप्रमाणे सहा मात्रांचा क्रम रूढ आहे. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही या उपचारासाठी बीसीजी बनवते.

माझ्या काकांना नळीतून औषध सोडल्यावर दोन तास लघवी रोखावी लागे, आणि शेवटची वीस मिनिटे ते पलंगाची कड घट्ट धरून बसत; म्हणून वडिलांना त्या दिवशी सकाळी पाणी व चहा बेताचाच द्यावा. औषधानंतरचे सहा तास वडिलांनी बसूनच लघवी करावी आणि दर वेळी शौचकुपात ब्लीच ओतून पंधरा मिनिटांनी पाणी सोडावे.

एखाद-दोन दिवस जळजळ किंवा कणकण चालते. मात्र थंडी वाजून जोराचा ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, आणि लघवीतून रक्त जात असेल तर मात्रा घेण्याआधीच त्यांना सांगावे.