सहा महिन्यांच्या बाळासाठी खेळायचं दुपटं: माप, थर, टाके?

शहापूर_बेळगाव:
मैत्रिणीच्या नातवाला सहावा महिना लागलाय. पालथा पडून फरशीवर सरकतोय. त्याच्यासाठी खाली अंथरायला आणि खेळायलाही होईल असं दुपटं शिवायचंय. जोड मशीनवर देईन, वरचे टाके हातानं. घरात एक जुनी सुती साडी, खणाचे तुकडे आणि इरकलीचे काठ आहेत. माप किती धरू? आत कापूस घालू का साडीचेच थर? घुंगरू, आरसे लावलेले चालतील का?

वडगाव_शिलाई:
ताई, ८ इंचाचे २५ चौकोन कापा. पाव इंच शिलाई धरली की प्रत्येकी साडेसात उरतो, ५ बाय ५ मांडले की साडेसदतीस इंच होतात. बाळाला एवढं पुरतं आणि धुताना पिळायलाही हाताला जड जात नाही. ४४ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडात एका पट्टीत ५ चौकोन बसतात, म्हणून पाच रंगांचं प्रत्येकी पाव मीटर घ्या. ३६ पन्ह्यात चारच निघतात, तेव्हा दुकानात पन्हा आधी विचारा. अस्तराला सव्वा मीटर. ते चारी बाजूंनी २ इंच जास्त ठेवायचं आणि दोनदा दुमडून पुढं आणायचं. १ इंचाचा गोट आपोआप होतो, वेगळी पट्टी लागत नाही.

सगळं कापड कापायच्या आधी धुवा. नंतर धुतलं तर नवं आखडतं, जुनं आखडत नाही, आणि जोडावर चुण्या पडतात. लाल आणि गडद निळा ओला करून पांढऱ्या रुमालावर इस्त्रीनं दाबून बघा. तीन धुण्यांनंतरही डाग उठत असेल तर ते कापड वापरू नका. बाळ सगळं तोंडात घालतं.

खानापूर_वाकळ:
कापूस नको. धुतला की गोळे होतात आणि एका कोपऱ्यात जाऊन बसतात. साडीचेच थर घाला. साडेपाच मीटरच्या साडीतून ४० इंचाचे पाच निघतात, पण तीनच घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात पाच थर दोन-दोन दिवस वाळत नाहीत, मग कुबट वास धरतो. साडी दोन्ही हातांनी ताणून बघा. चर्रकन आवाज आला तर तो भाग विरलाय, तो काढून टाका.

थर फरशीवर पसरून ताणा आणि दर ४ इंचांवर कच्चे टाके घाला. यात आळस केला की मधे फुगा येतो, आणि तो उसवल्याशिवाय जात नाही. वाकळीला आपण कडेकडून आत येत धावदोरा घालतो. इथं जोड आधीच शिवलेले आहेत, तेव्हा मधून सुरू करून बाहेर जा. ओळीत सव्वा इंच अंतर, टाका पाव इंचापेक्षा लहान. लांब टाक्यात बाळाचं बोट अडकतं. भरतकामाच्या लडीतले तीन पदर, मोठ्या नेढ्याची सुई आणि दोरा हातभरच. गाठ थरांच्या आत ओढून घ्या.

हल्याळ_रोड:
घुंगरू, आरसे, टिकल्या, बटणं, मणी, काहीच नको. सुटलं की थेट घशात. प्लॅस्टिकचा कागद आत घालून आवाज काढायची हौसही टाळा.

त्यापेक्षा फुला लावा. हल्याळ, यल्लापूर, खानापूर भागातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) बायका कवंदीच्या, म्हणजे त्यांच्या गोधडीच्या, चारी कोपऱ्यांत रंगीत कापडाच्या घड्या घालून त्रिकोण शिवतात, त्यांना फुला म्हणतात. बाळाच्या मुठीत नेमक्या येतात आणि कापडाच्याच असल्यानं चावल्या तरी चालतात. ३ इंचाचा चौकोन दोनदा तिरपा दुमडायचा, असे दोन-तीन एकावर एक ठेवायचे आणि गोट शिवतानाच त्यात घ्यायचे. मशीनची शिलाई दोनदा मारा.

शहापूर_बेळगाव:
आणि खण? त्याचे धागे सुटतायत.

वडगाव_शिलाई:
त्याला शिलाई अर्धा इंच धरा, म्हणजे तो चौकोन साडेआठचा कापा. कडेला झिगझॅग मारा, मागून सुती कापडाचा तुकडा लावा. हल्लीच्या बऱ्याच खणांत कृत्रिम धागा असतो, इस्त्री गार ठेवा. काठ कडक असतात, तोंड घासेल तिथं नकोत. अस्तराच्या बाजूला चौकटीसारखे लावा.

हल्याळ_रोड:
मैत्रिणीला एवढं नक्की सांगा: हे दुपटं जागेपणी, कुणीतरी जवळ असताना. झोपताना अंगावर घालायचं नाही. आणि दर धुण्यानंतर चारी फुला ओढून बघायच्या, एखादी सैल झाली असेल तर आधी शिवायची, मगच अंथरायचं.