मदत हवी आहे: संवेदना नसलेले पाय रात्रभर भाजतात, ठाण्यात कोणाला दाखवू?

नमस्कार मंडळी. आम्ही कळव्याला राहतो. धाकटा भाऊ ३ वर्षांपूर्वी परांचीवरून पडला, डी-१० ला (पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी) मज्जारज्जूची इजा झाली. तेव्हापासून व्हीलचेअर.

ज्या पायांना चिमटा काढला तरी कळत नाही, तेच रात्री निखाऱ्यावर ठेवल्यासारखे भाजतात म्हणतो. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, मनाचे खेळ. (त्यांना एक रात्र इथे झोपवायला हवं.) फिजिओ ताईंनी नीट सांगितलं: ही इजेच्या खालची नसांची वेदना. कमरेला पट्टा आवळल्यासारखं होतं तेही नसांचंच, पण इजेच्या पातळीवरचं. लघवीचा संसर्ग झाला की आग जास्तच भडकते, हे आता आम्हालाही पाठ झालंय.

खांद्यांचं दुखणं वेगळं. चाकं ढकलून, हातांवर सगळा भार टाकून पलंगावर चढून-उतरून ते कुरकुरायला लागलेत. त्याला साधी वेदनाशामक गोळी लागू पडते, आगीला अजिबात नाही. आगीसाठी प्रेगाबालिन चालू आहे, पण दिवसभर गुंगी आणि पायांवर सूज. डॉक्टर दोन मिनिटांत डोस वाढवून मोकळे.

ठाणे, कळवा किंवा वाशीत असे रुग्ण नेहमी बघणारं पेन क्लिनिक कोणाला माहीत आहे का? रॅम्प हवाच, मागच्या ठिकाणी चार पायऱ्या उचलून न्यावं लागलं. गुंगीमुळे कोणाच्या डॉक्टरांनी औषध बदललं का, फरक पडला का? आणि खांदे वाचवायला ट्रान्सफर बोर्ड (खुर्चीतून पलंगावर सरकायची फळी) कोणी वापरतं का?